आमचा प्रबंध

माझ्या बायकोचा प्रबंध आता कुणालाही फुकट वाचता येतो, ही बातमी मला शिवशंकरकडून कळली. यातच सगळं आलं. शिवशंकर म्हणजे आमच्या येरमाळ्यात हायवेला चहाचं हॉटेल चालवणारा माझा शेजारी. माझं कृषी सेवा केंद्र आणि त्याचं हॉटेल यांच्यामध्ये एक पत्रा आहे, बाकी काही नाही. मी बियाण्याच्या पिशव्या लावत होतो, तर हा चहाचा ग्लास काउंटरवर ठेवत म्हणाला,

"बलभीम, वहिनीचं पुस्तक उतरवून घेतलं बरं का मोबाईलवर. लई जाड हाय."

"कंचं पुस्तक?"

"आता किती हायती? त्येच, ओव्यांचं. ज्येच्यावर त्या डाक्टर झाल्या."

मी त्याचा फोन हिसकावूनच घेतला. खरंच होतं. वर विद्यापीठाचं नाव, मधे 'धाराशिव जिल्ह्यातील जात्यावरच्या ओव्या : नाती आणि नावं', खाली निकिताचं नाव. शिवशंकरच्या फोनची काच तडकलेली, तिच्यावर भज्याच्या तेलाचं बोट उमटलेलं, आणि त्या बोटाखाली माझ्या बायकोचं नाव. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुला रं काय करायचंय ओव्यांचं?"

"वाचतो की. फुकट हाय. समद्यांसाठी खुलं हाय."

आता तुम्ही म्हणाल, यात चिडण्यासारखं काय आहे. तुम्हाला आमचा प्रबंध माहीत नाही म्हणून तुम्ही असं म्हणाल. 'आमचा' म्हणतो मी, आणि म्हणणार. निकिता कळंबच्या कॉलेजात शिकवते. तिनं पीएच.डी.ला नाव नोंदवलं, तेव्हा तिला गावोगाव म्हाताऱ्या बायकांकडं कोण घेऊन गेलं? मी. तेरला, परंड्याला, तेरखेड्याला, आणि जिथं एसटी मनात आलं तरच तोंड दाखवते अशा वाड्यावस्त्यांवर. ऐन पेरणीत गिऱ्हाईक सोडून, दुकानाला कुलूप लावून, माझ्या मोटारसायकलवर. डोक्याला रुमाल बांधून पुढं मी, मागं ती, तिच्या पोटाशी रेकॉर्डर. परंड्याच्या रस्त्यावर चाक बसलं, तेव्हा भर उन्हात गाडी ढकलली मी. प्रबंध बांधून आला, काळं कापडी पुठ्ठं आणि त्यावर सोनेरी अक्षरं, तेव्हा देवघराशेजारच्या काचेच्या कपाटात तो ठेवलाही मीच. पाहुणे आले की किल्ली काढायची, त्यांचे हात कोरडे आहेत ना बघायचं, दोन पानं उलटून दाखवायची आणि परत कुलूप. किल्ली दुकानाच्या जुडग्यात, म्हणजे माझ्या खिशात.

एवढा जपलेला प्रबंध, आणि आता शिवशंकर भजी तळता तळता वाचणार.

संध्याकाळी निकिता कळंबहून आली. तिनं पाणी प्यायच्या आत मी विषय काढला.

"विद्यापीठाचा नियमच आहे तसा," ती म्हणाली. "सगळे प्रबंध नेटवर टाकतात. ज्याला वाचायचा त्यानं वाचावा. नाहीतर व्हायचं काय, एक प्रत ग्रंथालयात धूळ खायची, एक गाइडच्या घरी, आणि एक..." तिनं कपाटाकडं बघितलं. "एक तुमच्या कुलपात."

"मला इचारायचं तरी."

"तुम्हाला का? प्रबंध माझा आहे."

"आपला हाय."

ती हसली. "बरं, आपला. मग आपला प्रबंध चार लोकांनी वाचला तर वाईट काय झालं?"

उत्तर नसलं की मला जास्त राग येतो, हे तिला माहीत आहे, म्हणून ती उठून चहा टाकायला गेली.

आणि मग ते चार लोक सुरू झाले. रोज जेवताना एक नवा. लातूरच्या कुण्या मुलीनं लिहिलं, तिच्या आजीला हीच ओवी येते म्हणून. पुण्याहून कुणी लिहिलं, एका शब्दाचा अर्थ कळत नाही म्हणून. बिदरकडून एक बाई, तिच्या माहेरच्या ओव्या अर्ध्या कानडी अर्ध्या मराठी. निकिता भाकरी मोडता मोडता सांगायची आणि तिचा चेहरा उजळायचा. तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता. एखाद्या गावातून पोटभर ओव्या घेऊन आम्ही निघायचो, तेव्हा गाडीच्या आरशात तो दिसायचा. मी मुद्दाम आरसा थोडा फिरवून ठेवलेला असायचा. त्या चेहऱ्यावर माझा हक्क होता आणि तो आता बिदरपर्यंत वाटला जात होता.

आई जेवताना खाली मान घालून सगळं ऐकायची. गजराबाई म्हणजे माझी आई, गावात तिच्या तोंडाला कुणी लागत नाही. पण ओव्यांचा विषय निघाला की ती गप्प. मला वाटायचं, तिलाही हे आवडत नसणार.

या चार लोकांत एक फार पुढं गेला. डॉ. विरुपाक्ष हिरेमठ, सोलापूर. आठवडाभर मी दुसरं नाव ऐकलं नाही. हिरेमठ सरांनी अमुक पानावरची ओवी दोनदा वाचली. हिरेमठ सर म्हणतात, चौथं प्रकरण एकदम वेगळं आहे. हिरेमठ सर म्हणतात, आपण मिळून ओव्यांचा एक संग्रह करू, तोही सगळ्यांना खुला.

"आमटीत मीठ न्हाय," मी म्हणालो.

"आहे की," आई म्हणाली.

मग एक दिवस निकिताचा फोन खाटेवर पडलेला होता आणि ती न्हाणीत होती. फोन वाजला, काच उजळली. मी काही डोकावायला गेलो नव्हतो, पण डोळे काय बांधून ठेवायचे? 'ती निकिता तुम्हीच का? कळवलंत तर फार आनंद होईल. मी कुणाला सांगणार नाही.' खाली हिरेमठ. एवढं वाचलं आणि काच काळी झाली.

मी फोनला हात लावला नाही. निकिता आली, तिनं फोन बघितला आणि तो घेऊन सैपाकघरात आईकडं गेली. दोघींचं कुजबुजणं ऐकू आलं. मी दारात गेलो तर दोघी एकदम गप्प. आई म्हणाली, "काय पायजे?" मी म्हणालो, "पाणी." माझ्याच घरात मला पाणी मागायची पाळी आली.

दुसऱ्या दिवशी दुकानातून मी सोलापूरला फोन लावला. नंबर कसा मिळवला ते विचारू नका. पलीकडून आधी खोकला आला, बराच वेळ, मग आवाज.

"कोण बोलतंय?"

"मी निकिताचा नवरा बोलतोय. येरमाळ्याहून." मी आवाज जितका जड करता येईल तितका केला.

"अरे वा!" म्हातारा एकदम खूश झाला. "म्हणजे वेशीवर थांबणारे तुम्हीच! नमस्कार, नमस्कार."

"वेशीवर?"

"प्रबंधात आहे की, दुसऱ्या प्रकरणात. तुम्ही वाचलंच असेल."

"व्हय तर," मी म्हणालो.

"माझी पंचाहत्तरी झाली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. नातू अक्षरं मोठी करून देतो, तसं वाचतो. पूर्वी असा प्रबंध बघायचा तर विद्यापीठात जाऊन ओळख काढावी लागायची. आता घरी बसून मिळतो. बरं, मला एवढंच सांगा, ती एकतिसावी गायिका कोण? ताई उत्तरच देत नाहीत. तुम्हाला माहीत असणार."

"माहितीय," मी म्हणालो. "पण सांगणार न्हाय." आणि फोन ठेवला.

म्हातारा निघाला, एक डोळा अधू निघाला, म्हणून माझा जीव थंड व्हायला हवा होता. झालं उलटंच. तरणा असता तर जाऊन चार शब्द सुनावता आले असते. या म्हाताऱ्यानं आमच्या प्रबंधात मी कुठं उभा आहे तेसुद्धा मला सांगितलं, आणि मी, ज्याच्या खिशात किल्ली, तो 'व्हय तर' म्हणालो. पुठ्ठं, सोनेरी अक्षरं आणि पहिली दोन पानं याच्या पुढं मी कधी गेलो नव्हतो. पाहुण्यांना जेवढं दाखवायचो तेवढंच मला माहीत होतं. आणि हे सोलापूरला कळलं तर?

कॉलेजचा ग्रंथपाल सिद्धाराम माझ्याकडून खत नेतो. त्यानं बोलता बोलता सांगितलं की लेखकानं तसा अर्ज केला, तर प्रबंध काही वर्षं बंद ठेवता येतो. नाव दिसतं, आतलं दिसत नाही. मी त्याच दिवशी अर्ज टाइप करून आणला आणि निकितासमोर ठेवला.

"ह्याच्यावर सही कर."

तिनं अर्ज वाचला. मला वाटलं होतं भांडेल, मी तयारीतच होतो. ती म्हणाली, "करते. पण आधी तुम्ही प्रबंध वाचायचा. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. वाचूनही वाटलं की बंद करावा, तर मी सही करते, परत विचारणार नाही."

"वाचलाय म्या."

"अहो," ती म्हणाली. एवढंच.

सैपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. आई दारात येऊन निकिताकडं बघत होती. निकितानं तिच्याकडं बघितलं नाही.

कपाटातली प्रत दुकानात नेली असती तर खताच्या धुळीनं पुठ्ठं खराब झालं असतं. म्हणून मीही फोनवर उतरवून घेतला. म्हणजे मीही शेवटी फुकट्यांच्या रांगेत, शिवशंकरच्या मागं.

सुरुवातीला ऋणनिर्देश. गाइडचा अर्धा परिच्छेद, सिद्धारामचे दोन वाक्यांत आभार, पुस्तकं काढून दिली म्हणून. आणि सगळ्यात शेवटी, 'माझे पती श्री. बलभीम यांनी प्रवासात साथ दिली.' साथ! पंक्चर गाडी ढकलली त्याला साथ म्हणतात. सिद्धाराम काय पुस्तकं डोक्यावर घेऊन परंड्याला गेला होता?

मग दुसरं प्रकरण. त्यात माहिती कशी गोळा केली ते होतं. तिथं लिहिलं होतं की बाई पुरुषासमोर मोकळी गात नाही, आणि आपल्या घरच्या पुरुषासमोर तर नाहीच, म्हणून माझे पती प्रत्येक गावी वेशीवर मोटारसायकलपाशी थांबत. ते थांबले म्हणून बायका गायल्या. या प्रबंधातली प्रत्येक ओवी त्यांनी न ऐकल्यामुळे मिळाली आहे.

हे मी परत परत वाचलं. तिनं माझं मोल केलं होतं, हे मला कळत होतं, मी काही दगड नाही. पण वाईट वाटायचं ते वाटलंच. चार वर्षं मी सगळीकडं होतो असं समजत होतो आणि मी कुठंच नव्हतो. गिऱ्हाईक युरिया मागत होतं, त्याला मी पोटॅश दिलं.

पुढचं प्रकरण लेकाच्या ओव्यांचं. यात जात्यावर बसलेल्या आया आपल्या लेकाचं नाव घेऊन गातात. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, भावाचं आणि लेकाचं घ्यायचं, अशी रीतच आहे. तेरच्या कुण्या कृष्णराजाला त्याच्या आईनं चंद्र म्हटलं होतं. परंड्याचा एक रणधीर वाघ होता. एका गोरोबाच्या पायाला माती लागू नये म्हणून त्याची आई वाटेवर पदर अंथरत होती. पानामागून पान, दुसऱ्यांचे लेक. मी वाचत गेलो आणि मनातल्या मनात एकेकाशी भांडत गेलो. कोण हा रणधीर? परंड्यात मी खंडीभर माणसं ओळखतो, वाघ एकही नाही.

मग सुनेचं प्रकरण आलं. त्यात बहुतेक सासवा सुनांच्या नावानं बोटं मोडत होत्या, अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाली, माहेरचा तोरा मिरवते, असलं. सुनेचं नाव मायेनं कुणीच घेत नव्हतं. आणि मग निकितानं लिहिलं होतं, याला एकच अपवाद. गायिका एकतिसावी. राहणार येरमाळा. विधवा. एक मुलगा. सून नोकरी करते.

सून माझ्या घरा आली, हाती पुस्तकाचा भारा
निकिता ग बाई माझी, बंद खोलीमंदी वारा

सांगू कुणा बाई आता, दुखलं खुपलं सारं
निकिताच्या म्होरं माझी, उघडली बंद दारं

येरमाळ्यात एक मुलगा आणि नोकरीवाली सून असलेल्या पाच-पन्नास विधवा असतील. पण निकिता नावाची सून आणून दिलेला मुलगा मीच.

पत्र्यापलीकडून शिवशंकर ओरडला, "चहा सांगू का रं?" मी दुकानाचं शटर ओढलं आणि घरी गेलो.

आई मागच्या दारी लसूण सोलत बसली होती. निकिता कॉलेजला गेलेली.

"आई, तू ओव्या गायलीस?"

लसूण सोलणं थांबलं नाही. "वाचलंस व्हय."

"ह्या घरात तुला एकच लेक हाय. त्याचं नाव न्हाय, अन् सुनेचं नाव?"

"म्या तिला सांगितलं हुतं," आई म्हणाली, "वळखीच्या माणसाला दावू नगंस. बाकी कुणालाबी दाव. परक्याला काय कळतंय कोण गजराबाई."

"तिनं समद्यांसाठी खुलं केलंय. समद्यांत घरचेबी येत्यात."

"त्ये म्या धरलंच न्हवतं." आता तिनं माझ्याकडं बघितलं. "इतकं दीस कपाटात हुतं की तुज्याम्होरं. तू वाचशील आसं कुणाला वाटलं?"

या तोंडाला गावात कुणी का लागत नाही, ते मला कळलं. पण मी तिचाच लेक आहे.

"माजं नाव का न्हाय, ते सांग."

तिनं सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "बलभीमा, तू जलमल्यापसनं तुजं नाव गातीया म्या. पहाटं दळाय बसायची, तू मांडीवर निजल्याला. तुजं नाव घेतल्याबिगर कवा दळण सरलं न्हाय. पर तवा कोण आलं हुतं लिवून घ्यायला? पीठ खाऊन झालं, ओव्याबी गेल्या. मंग गिरणी आली. मंग ही आली. एकदा तू दुकानावर गेलास, अन् ही म्होरं बसली, म्हणली, आत्याबाई, गावा की. कुणी मला आजवर गा म्हणलं न्हवतं. जी म्होरं बसली हुती, तिचंच नाव आलं तोंडात."

मला त्या वेळी निकिताचा जेवढा हेवा वाटला, तेवढा जन्मात कुणाचा वाटला नसेल. शेजाऱ्याच्या नव्या ट्रॅक्टरचा नाही, हिरेमठाचा तर नाहीच. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ती हीच. माझ्या जन्मापासूनच्या ओव्या पिठाबरोबर संपल्या, आणि हिच्या दोन ओव्या बिदरपर्यंत लोक वाचतात.

"एखादी तरी म्हण," मी म्हणालो. "माज्या नावाची. आत्ता."

"याद न्हाय."

"एकबी न्हाय?"

"जातं फिरल्याबिगर येत न्हाय रं. त्ये तोंडात नसतं, हातात असतं."

जातं होतं घरातच, पण जात्याचं काम करत नव्हतं. खालचा दगड न्हाणीसमोर पाय घासायला टाकलेला आणि वरचा हौदाच्या तोंडावर झाकण म्हणून. मी दोन्ही काढले, घासून धुतले. दगड गुळगुळीत झाले होते, त्यांना टाकी लावून परत खरखरीत करून घेतलं. हणमंतप्पा सुताराकडून बाभळीचा नवा खुंटा करून घेतला. तो म्हणाला, "लगीन निघालंय का घरात?" मी म्हणालो, "व्हय, माजंच." निकिता हे सगळं बघत होती आणि काही विचारत नव्हती. तिचं हे न विचारणं मला नेहमी जड जातं.

शेवटी मीच म्हणालो, "म्हणल्या ओव्या तर त्या प्रबंधात घालता येतील का?"

"नाही. तो झाला, दिला, आता त्यात काना-मात्रा बदलत नाही. पण हिरेमठ सरांबरोबरचा तो नवा संग्रह आहे. त्यात घालू. तोही सगळ्यांना खुला." मग ती आईकडं वळली. "आत्याबाई, तुमचं नाव नको ना घालायला?"

"घाल की," आई म्हणाली. "आता कुणापसनं लपवायचंय? अन् त्या सोलापूरवाल्यालाबी कळीव, जीव टांगून बसलाय बिचारा. पर आवाज नगंस टाकू. लिवून टाक."

"आणि तो अर्ज?" निकितानं मला विचारलं. "सही करायची का?"

"आदी माजं येऊ दे त्यात," मी म्हणालो. "मंग बगू."

रविवारी दुपारी जातं मधल्या खोलीत मांडलं. आईनं लुगड्याचा काष्टा सारखा केला, एक पाय लांब करून बसली, शाळूची मूठ जात्याच्या तोंडात सोडली आणि खुंटा धरला. निकिता समोर, रेकॉर्डर जवळ. मी भिंतीला टेकून बसलो. अंगावर नवा शर्ट घातला होता, का ते मला सांगता येणार नाही. आईनं जातं दोनदा फिरवलं. दगड गुरगुरला, कडेनं थोडं पीठ सांडलं. तिनं तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि मिटलं. परत दोन फेरे. परत माझ्याकडं बघितलं.

"तू बाहीर जा."

"का? माज्याच तर ओव्या."

"लेकाच्या म्होरं लेकाची ओवी येत न्हाय. जा, गाडीवर जाऊन बस."

मी निकिताकडं बघितलं. ती हसली असती तर मी उठलोच नसतो. ती हसली नाही. म्हणाली, "जा. मी एक शब्द सोडणार नाही." मी उठलो. ती माझ्यामागं दारापर्यंत आली आणि तिनं आतून कडी लावली.

मोटारसायकल लिंबाखाली उभी होती. मी तिच्यावर बसलो, जसा तेरला बसायचो, परंड्याला बसायचो. आतून जात्याची घरघर सुरू झाली. आधी अडखळत, मग सलग. मग त्या घरघरीत आईचा आवाज मिसळला. शब्द कळत नव्हते. मी कान टवकारले, श्वाससुद्धा धरून बघितला. एकदा वाटलं, माझं नाव आलं. एकदा वाटलं, नाही, दुसरं काही आहे. पण आवाज थांबत नव्हता. एक संपली की दुसरी निघत होती, जणू तिला सगळ्याच आठवत होत्या. आणि माझं नाव पहिल्यांदा ऐकायला आत कोण बसलं होतं? तीच. माझ्या हातांच्या मुठी वळल्या होत्या आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. दोन्ही एकाच वेळी.

शिवशंकर जेवायला घरी निघाला होता. मला बघून थांबला.

"आरं, आपल्याच दारात बाहीर का बसलास?"

"आई ओव्या गातीया. माज्या नावाच्या."

"मंग आत जाऊन ऐक की."

"आत जाऊ देत न्हाय. नेटवर येतील, तवा वाचीन."

"आईच्या ओव्या?" तो हसला. मग घरघर त्याच्याही कानावर पडली आणि त्याचं हसू ओसरलं. तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला, दाराकडं बघत. "म्याबी वाचू का रं?" त्यानं विचारलं.

"वाच की. समद्यांसाठी खुलं हाय," मी म्हणालो. "फकस्त माज्याआदी वाचू नगंस."